आयोडीन स्कॅनमधले खोटे डाग

१२ नोव्हेंबर १९३६. बॉस्टनमध्ये हार्वर्डच्या डॉक्टरांपुढे एमआयटीचे अध्यक्ष कार्ल कॉम्प्टन बोलत होते. भौतिकशास्त्राचा वैद्यकाला काय उपयोग, असा विषय. व्याख्यान संपल्यावर थायरॉइडचे डॉक्टर सॉल हर्ट्झ यांनी विचारलं, आयोडीन कृत्रिमरीत्या किरणोत्सारी करता येईल का? थायरॉइड आयोडीन ओढून घेते, तेव्हा तिचा माग काढता येईल, हा हिशेब. पहिले प्रयोग सशांवर झाले, पण ते आयोडीन-१२८ पंचवीस मिनिटांतच निम्मं व्हायचं. १९३८ मध्ये बर्कलीत लिव्हिंगूड आणि सीबोर्ग यांना आयोडीन-१३१ मिळालं. अर्धायुष्य आठ दिवस, म्हणजे कामाचं.

कर्करोगाशी त्याची गाठ पडली ती न्यूयॉर्कच्या सॅम्युअल सेडलिन यांच्या एका रुग्णामुळे. ग्रंथी केव्हाच काढलेली, तरी अंगात थायरॉइडचं संप्रेरक उतू चाललेलं! पसरलेल्या गाठीच ते बनवत होत्या आणि दिलेलं आयोडीनही त्याच टिपत होत्या. १९४६ मध्ये हे छापून आलं आणि एक समीकरण रुजलं: ग्रंथी काढल्यावर जिथे आयोडीन, तिथे रोग.

गफलतीचं मूळ मला या समीकरणातच दिसतं. स्कॅनच्या यंत्राला कर्करोग दिसतच नाही, आयोडीन दिसतं. आणि ते लाळग्रंथी, जठर, दूध येणारे स्तन हेही ओढतात. पेशीत आयोडीन नेणाऱ्या प्रथिनाचं जनुक १९९६ मध्ये नॅन्सी कॅरास्को यांच्या चमूला सापडलं, तेव्हा या ओढीचं कारण नीट कळलं. मग ते आयोडीन लाळेतून, घामातून, लघवीतून बाहेर पडतं. खिशातला शिंकरलेला रुमाल मांडीच्या हाडातली गाठ वाटू शकतो, केसांना लागलेली लाळ कवटीतली. शंका आली की रुग्णाला धुऊन, कपडे बदलून पुन्हा टेबलावर घेतात. मूत्रपिंडातली पाण्याची गाठ किंवा सुजलेलं फुप्फुस मात्र धुऊन जात नाही.

उलटा धोका अधिक वाईट. नुकतंच सीटीसाठी आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट टोचलं असेल किंवा हृदयासाठी अमिओडॅरोन हे आयोडीनयुक्तच औषध चालू असेल, तर शरीर आधीच आयोडीनने भरलेलं असतं. खरी गाठही उजळत नाही. काही गाठी तर आयोडीन घेणंच सोडतात.

आता आयोडीनचा त्रिमितीय स्कॅन आणि सीटी एकत्र दाखवणाऱ्या स्पेक्ट-सीटीमुळे डाग हाडात आहे की कापडावर, हे बरंचसं कळतं. तरी थायरॉइडच्या पेशीच बनवतात त्या थायरोग्लोब्युलिनचा रक्तातला आकडा शेजारी ठेवावाच लागतो. डाग ठळक, आकडा जवळपास शून्य आणि त्याला चकवणारी प्रतिपिंडंही नाहीत, असं असेल तर उपचाराच्या किरणोत्सारी आयोडीनच्या मोठ्या डोसाआधी रुग्णाचे खिसे तपासलेले बरे.