गेलेल्यांची जागा

मेंदूतल्या पेशी मरतात, तरी ओळखीचा आवाज ओळखीचाच राहतो. तो कसा? १८२४मध्ये फ्रान्सच्या फ्लुरांस यांनी कबुतरांच्या मेंदूचा थोडा भाग काढून पाहिला. गेलेली क्षमता बरेचदा परतली. १९१४च्या सुमारास स्पेनच्या काहाल यांनी मात्र बजावलं, की प्रौढ मेंदूत मेलेलं पुन्हा उगवत नाही. यातलं खरं काय? दोन्ही! जर्मनीतल्या माइन्झच्या संशोधकांनी उंदरांच्या श्रवणकेंद्रातल्या मोजक्या पेशी नष्ट केल्या. ध्वनींचा नकाशा विस्कटला आणि काही दिवसांत पुन्हा जुळला. नव्या पेशी जन्मल्या नव्हत्या. आजवर गप्प असलेल्यांनी काम उचललं. पक्षाघातासारख्या मोठ्या घावापुढे ही शेजारधर्माची ताकद अपुरी पडते. पण रोजची झीज ती निमूटपणे भरून काढत असावी.