दिव्याचे बटण कोणाच्या हाती?



माणूस आला की आपोआप पेटणारा आणि गेला की विझणारा दिवा घ्यावा की नाही, आणि घ्यावयाचा तर कोणता, हा प्रश्न आता वसई-विरारच्या सोसायट्यांच्या सभांतून येऊ लागला आहे. हा प्रश्न दुकानात विचारावयाचा, व्याख्यानमालेत त्याचे काय काम, असे कोणी म्हणेल. परंतु दिव्याला इतिहास आहे, आणि त्या इतिहासाचा बराच भाग कष्टकऱ्यांच्या अंगावरून गेलेला आहे. दिवा कोणी लावावा व कोणी मालवावा, यावरून आपल्या शेजारच्या मुंबईत एके काळी मोठा झगडा झाला. तो ध्यानात ठेवून दुकानात गेलो, तर खरेदी शहाणपणाची होईल.

विजेपूर्वी दिवा म्हणजे घरच्या माणसाची मेहनत होती. कोकणपट्टीवर उंडीचे कडू तेल जळे, करंजाचे जळे. पुढे घासलेट आले, कंदील आला. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्रातल्या घराघरांत टांगलेला असे. दिवेलागणीआधी राखेने काच पुसावयाची, वात कातरावयाची, घासलेट भरावयाचे. हे काम बहुधा बायकामुलांचे. कष्ट होते खरे, पण दिवा केव्हा लावावयाचा आणि केव्हा मालवावयाचा हे घरचे माणूस ठरवी. तेलाला पैसे पडत, म्हणून रिकाम्या खोलीत दिवा कोणी ठेवीत नसे. माणूस ओटीवरून माजघरात गेला की कंदीलही त्याच्याबरोबर जाई. माणूस असेल तेथे दिवा, हे आजच्या सेन्सरचे तत्त्व त्या हातातल्या कंदिलात होतेच.

आता मुंबईकडे पाहू. तेथे रस्त्यांवर गॅसचे दिवे 1865 मध्ये लागले. विजेचे दिवे 1882 मध्ये क्रॉफर्ड मार्केटात पहिल्याने दिसले. गिरण्या तोवर सूर्यावर चालत. उजाडले की भोंगा आणि मावळले की सुट्टी, असा सर्वसाधारण नेम होता. उन्हाळ्यात दिवस मोठा म्हणून कामही मोठे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने 1884 मध्ये गिरणी कामगारांच्या सभा भरल्या आणि सुमारे 5,500 सह्यांचे निवेदन तयार झाले. रविवारची सुट्टी आणि दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती यांच्याबरोबर त्यात अशीही मागणी होती की, काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला थांबावे. सूर्य मावळला की काम संपले, ही त्या मागणीची कसोटी. सूर्याचे बटण मालकाच्या हाती नव्हते, म्हणून कामगाराला त्याचाच काय तो आधार होता.

गिरणीत विजेचा दिवा आला आणि तो आधार गेला. विसाव्या शतकाच्या आरंभी कापडाला तेजी होती. गिरण्या रात्रीपर्यंत चालू लागल्या आणि कामाचा दिवस 14-15 तासांचा झाला. 1905 मध्ये मुंबईच्या कामगारांनी याविरुद्ध उघड प्रतिकार केला. समित्या आणि आयोग बसले, आणि 1911 च्या कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांचा दिवस 12 तासांवर आणला. 1922 मध्ये दिवसाला 11 आणि आठवड्याला 60 तासांची मर्यादा आली, 1934 मध्ये 10 आणि 54 ची, आणि 1948 च्या कायद्याने 9 आणि 48 ची. विजेच्या दिव्याने एका झटक्यात जे घेतले, ते परत मिळविण्यास दोन पिढ्या लागल्या. यात दोष विजेचा नव्हे. वीज फार मोठी उपकारक वस्तू आहे. दोष होता तो बटण एकाच्या हाती आणि जागरण दुसऱ्याच्या माथी, या वाटणीचा. म्हणूनच 1948 च्या कायद्याने प्रकाशाचीही हमी घेतली. कामगार जेथे काम करतात किंवा जेथून ये-जा करतात, तेथे पुरेसा प्रकाश असलाच पाहिजे, असे त्यात 17 व्या कलमात लिहिले. नको त्या वेळी दिवा लादला जाऊ नये आणि हवा तेव्हा तो नाकारला जाऊ नये, या दोन्ही गोष्टी त्या लढ्यातून हाती आल्या.

आपल्या वसई भागात विजेची ओळख आगगाडीने करून दिली. विरारहून मुंबईला लोकल 1867 मध्ये सुरू झाली. बोरिवली ते विरार मार्गावर विजेची गाडी 1936 मध्ये धावली. घरोघरी दिवा पोचावयास मात्र पुढे कित्येक वर्षे लागली. वीज मंडळ 1960 मध्ये स्थापन झाले आणि 2005 मध्ये त्याच्या वाटणीतून महावितरण निघाली. वाड्या-बावखलांच्या या मुलखात पाहता पाहता मजल्यांवर मजले चढले आणि 2009 मध्ये महानगरपालिका झाली. मजले आले तसे जिने आले, आणि ज्या जिन्याचा मालक कोणीच नाही, तेथला दिवा रात्रभर जळू लागला. सेन्सरची खरी गरज येथे आहे.

हे यंत्र कसे चालते ते थोडक्यात सांगतो. स्वस्त आणि सर्वत्र मिळणारा प्रकार अंगाच्या उष्णतेवर चालतो. त्याच्या तोंडावर खवल्याखवल्यांचे दुधी भिंग असते. उबदार शरीर एका खवल्याच्या टापूतून दुसऱ्यात गेले की आतल्या तुकड्याला बदल जाणवतो आणि दिवा लागतो. म्हणून समोरून सरळ चालत येणाऱ्यापेक्षा आडवा जाणारा त्याला लवकर कळतो, आणि स्तब्ध बसलेला कळतच नाही. मे महिन्यात हवाच अंगाइतकी तापली तर त्याची नजर मंदावते. भिंगावरून पाल फिरली तरी दिवा लागतो, हा अनुभव पुष्कळांना असेल. दुसरा प्रकार रेडिओलहरींचा. त्याची नजर तीक्ष्ण, पण ती लाकडी फळीतून आणि पातळ भिंतीतून पलीकडे जाते. शेजारी उठला की दिवा आपला लागतो. याच जातीचा नवा, महाग प्रकार श्वासाची हालचालही ओळखतो.

यातील दोष कोणाला भोगावे लागतात, ते पाहा. वसई पूर्वेच्या एका कारखान्यात शौचालयात असा दिवा बसविला. वेळ ठेविली होती एक मिनिटाची. आत बसलेला माणूस अंधारात हात हलवीत राही! वेळ वाढवून घेण्यासाठी आम्हांला दोन बैठका कराव्या लागल्या. बसविणाऱ्याने विजेचा हिशेब केला होता, बसणाऱ्याचा केला नव्हता.

हिशेब मात्र करावाच. 9 वॉटचा दिवा जिन्यात रोज 12 तास जळला तर वर्षाला सुमारे 39 युनिट होतात. सेन्सरने तो एकूण दोन तासच जळला तर साडेसहा युनिट. सेन्सरचा स्वतःचा खर्च चारेक युनिट धरला तरी अकराच्या आत भागते. दहा दिवे असतील तर बचत भरीव आहे. आता न्हाणीघर घ्या. तेथे 9 वॉटचा दिवा रोज अर्धा तास लागला तर वर्षाला दीड-पावणेदोन युनिट. त्या जागी वाय-फायचा स्मार्ट दिवा लावला, तर फोनच्या हुकमाची वाट पाहत तो विझलेला असतानाही साधारण अर्धा वॉट घेतो. म्हणजे वर्षाला चार युनिटांच्या वर. येथे जळण्यापेक्षा वाट पाहण्याचाच खर्च अधिक! तेव्हा जिना, वाहने ठेवण्याची जागा, आणि म्हाताऱ्या माणसाची रात्रीची पलंगापासून मोरीपर्यंतची वाट, येथे सेन्सर अवश्य लावावा. वाटेवरचा दिवा मंद, पिवळसर आणि पायाच्या उंचीचा असावा. बैठकीच्या खोलीत, जेथे माणूस स्वस्थ वाचीत बसतो, तेथे साधे बटण बरे.

स्मार्ट दिवा घेताना दुकानदाराला तीन प्रश्न विचारा. इंटरनेट बंद पडले तर हा चालतो काय? वीज जाऊन आली तर तो काय करतो? कारण मध्यरात्री वीज परतताच घरभर लख्ख पेटणारे दिवे असतात. आणि आपल्या पावसाळ्यात हा प्रश्न पुस्तकी नाही; 2018 च्या जुलैत पाणी भरून वसईच्या पुष्कळ भागाची वीज बंद झाली होती. तिसरा प्रश्न, घरातल्या आजीने भिंतीवरचे बटण दाबले तर दिवा तिचे ऐकतो काय? या तिहींना होकारार्थी, समाधानकारक उत्तर नसेल तर तो दिवा दुकानातच राहू द्यावा.

शेवटची गोष्ट नोंदीची. हालचाल ओळखणारा सेन्सर फोनला जोडला की कोण केव्हा आले-गेले याची टिपण राहते, आणि ती पुष्कळदा दूरच्या कंपनीच्या यंत्रावर साठते. धुणीभांडी करणारी बाई किती वाजता आली आणि पहारेकरी कितीदा बसला, हेही त्यात येते. ज्यांची नोंद होणार त्यांना ते आधी सांगितले पाहिजे; निदान सोसायटीच्या सभेत तसा ठराव झाला पाहिजे. जिन्यासाठी तर नोंद न ठेवणारा, फोनविना चालणारा साधा सेन्सरच पुरतो, आणि तो स्वस्तही पडतो.

येत्या सभेत हा विषय निघेल तेव्हा दिव्यांची संख्या आणि किंमत यांबरोबर एवढे आणखी लिहून घ्या: दिवा किती वेळाने विझेल, ती वेळ कोण ठरवील, आणि हाताने लावावयाचे बटण कोठे असेल. जिन्याने चढउतार करणाऱ्या सर्वांना, कामाला येणाऱ्या बाईलाही, ते बटण दाबता आले पाहिजे.