लंडनचे धुके आणि उद्याची हवा

५ डिसेंबर १९५२, शुक्रवार. लंडनवर धुके उतरले. डिसेंबरात लंडनला धुके पडणे म्हणजे जुलैत मुंबईला पाऊस पडण्यासारखेच, त्याची बातमी कोण करणार? धुराने पिवळट झालेल्या या धुक्याची तिथल्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्यांची सवय होती. जॉन एव्हलिन नावाच्या गृहस्थाने १६६१ मध्येच या धुराविरुद्ध पुस्तिका लिहून दुसऱ्या चार्ल्स राजाला सादर केली होती. राजा खूश झाला, धूर मात्र हटला नाही.

या वेळी वारा पूर्ण पडला होता. एरवी जमिनीलगतची हवा उबदार आणि वरची थंड असते, त्यामुळे धूर वर चढतो आणि पांगतो. त्या दिवशी उलटे झाले. खाली थंड हवा साचली आणि वर उबदार हवेचा थर आला, पातेल्यावर झाकण ठेवावे तसा. त्यात थंडी कडाक्याची, म्हणून घरोघरच्या शेगड्या दिवसरात्र पेटलेल्या. युद्धानंतरचा कर्जबाजारी इंग्लंड चांगला कोळसा परदेशी विकत होता आणि घरच्यांच्या वाट्याला हलक्या प्रतीचा, भुकटीचा कोळसा येत होता. ब्रिटिश हवामान खात्याच्या हिशेबाने त्या दिवसांत रोज १,००० टन धुराचे कण हवेत जात होते. शिवाय ३७० टन सल्फर डायॉक्साइड, ज्याचे धुक्यातच सुमारे ८०० टन गंधकाम्ल होत होते. हे लोक श्वासाबरोबर आत घेत होते.

सॅडलर्स वेल्स नाट्यगृहात धुके शिरले, प्रेक्षकांना रंगमंच दिसेना, तेव्हा प्रयोग थांबवावा लागला. प्रदर्शनासाठी आणलेली गुरे दगावली. माणसेही मरत होती. पण ती आपापल्या घरात, इस्पितळात, एकेकटी मरत होती. किती, ते कोणालाच ठाऊक नव्हते. शवपेट्या आणि फुले अपुरी पडू लागली, तेव्हा काहींना शंका आली.

लंडनमध्ये तेव्हा हवा मोजली जात नव्हती, असे मात्र समजू नका. शहरात मोजणीची केंद्रे होती. पद्धत साधी. ठरावीक हवा पंपाने ओढून पांढऱ्या गाळणकागदातून न्यायची आणि कागद किती काळा पडला ते पाहायचे. तीच हवा पुढे हायड्रोजन पेरॉक्साइडच्या पातळ द्रावणातून सोडायची आणि किती आम्ल तयार झाले ते तपासायचे. काही केंद्रांवर धुराचे प्रमाण घनमीटरला ४,००० मायक्रोग्रॅमच्या वर गेले. आपल्याकडे पीएम २.५ या सूक्ष्म कणांची २४ तासांची मर्यादा ६० आहे. दोन्ही मापे एक नव्हेत, पण अंदाज यावा म्हणून सांगतो.

म्हणजे आकडे होते. पण कागद काढून तपासला की कळायचे ते कालचे. उद्या काय होणार, हे सांगण्याची सोय त्यात नव्हती.

मंगळवारी, ९ तारखेला, वारा आला आणि धुके गेले. पुढे मृत्यूंच्या नोंदी जुळवल्यावर नेहमीपेक्षा सुमारे ४,००० माणसे जास्त दगावल्याचे दिसले. त्यानंतरच्या आठवड्यांतही मृत्यू वाढलेलेच होते. ते सरकारने इन्फ्लुएंझाच्या खात्यावर टाकले. २००१ मध्ये मिशेल बेल आणि डेव्हरा डेव्हिस यांनी जुनी आकडेवारी पुन्हा तपासली आणि फेब्रुवारी १९५३ पर्यंतचे जादा मृत्यू सुमारे १२,००० असल्याचा अंदाज मांडला. जवळजवळ पन्नास वर्षे ही माणसे चुकीच्या रकान्यात होती! स्वच्छ हवेचा कायदा आला १९५६ साली, तोही बऱ्याच टाळाटाळीनंतर.

उद्याची हवा आज सांगणे ही पुढची पायरी, आणि तिचा एक धागा आपल्या पुण्यात आहे. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने दिल्लीच्या २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांसाठी 'सफर' ही यंत्रणा उभारली. २०१३ मध्ये ती पुण्यात आणि २०१५ मध्ये मुंबईत आली. अशा अंदाजासाठी वारा आणि ते हवेचे झाकण किती उंचीवर राहील, हे संगणक मांडतो. पण शहराच्या प्रत्येक चौकोनात धूर किती निघतो, हे त्याला आधी सांगावे लागते. त्यासाठी दिल्लीत विद्यार्थ्यांच्या तुकड्या रस्त्यावर उतरल्या. वाहने, ढाबे, झोपडपट्टीतल्या चुली यांची माहिती त्यांनी घरोघर, चौकाचौकात जाऊन गोळा केली. महागड्या संगणकाइतकेच मोल या पायपिटीला आहे, असे मला वाटते.

मुंबईकराला समुद्राच्या वाऱ्याचा मोठा भरवसा. २०२२-२३ च्या हिवाळ्यात तोच मंदावला, तेव्हा शहर अनेक दिवस धुरकट राहिले. दिल्लीत निर्बंध आधी हवा बिघडल्यावर लागू होत. २०२२ पासून ते अंदाज पाहून, आधीच लागू करण्याची तरतूद झाली. यात गंमत अशी की, 'शुक्रवारी हवा अतिवाईट' असा इशारा आला, बांधकामे थांबली, आणि शुक्रवारी हवा नुसतीच 'वाईट' निघाली, तर शनिवारी लोक अंदाज चुकला म्हणून शास्त्रज्ञांना बोल लावतात.