वॉटसनची जखम, विदुराचा मुलगा

शेरलॉक होम्सचा सोबती डॉ. वॉटसन याला गोळी नेमकी कुठे लागली होती? १८८७ च्या 'अ स्टडी इन स्कार्लेट'मध्ये खांद्याला. मुंबईच्या बंदरावर उतरून हा लष्करी डॉक्टर अफगाणिस्तानात गेला आणि मायवंदच्या लढाईत जखमी झाला, असं तो स्वतःच सांगतो. तीन वर्षांनी आलेल्या 'द साइन ऑफ फोर'मध्ये मात्र ठणकतो तो पाय. लेखक आर्थर कॉनन डॉइल आधी लिहिलेलं विसरला, हे याचं खरं उत्तर. ते उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं की खेळ सुरू होतो. मग कुणी म्हणतं गोळ्या दोन लागल्या, कुणी म्हणतं वॉटसन जखमी शिपायावर वाकलेला असताना एकच गोळी दोन्हीकडून आरपार गेली.

पुस्तकात नसलेली, पण पुस्तकाला धरून आपण मनाशी खरी मानलेली गोष्ट म्हणजे आजच्या चाहत्यांच्या भाषेत 'हेडकॅनन'. शब्द इंटरनेटच्या पिढीचा आहे. त्यातला 'कॅनन' मात्र चर्चमधून आला: बायबलमध्ये कोणते ग्रंथ प्रमाण आणि कोणते बाहेरचे, याची ती यादी. धर्मशास्त्रातलं हे प्रकरण गुप्तहेराच्या गोष्टींना चिकटलं कसं, याची कथा एका बिशपच्या मुलापासून सुरू होते.

रोनाल्ड नॉक्सचे वडील मँचेस्टरचे बिशप. घरात चार भाऊ, चौघेही अतिहुशार आणि तितकेच खोडकर. लहानपणी या भावंडांनी डॉइलला पत्र लिहून त्याच्या कथांतल्या विसंगती दाखवल्या होत्या आणि सोबत संत्र्याच्या पाच वाळक्या बिया घातल्या होत्या. ज्यांनी 'द फाइव्ह ऑरेंज पिप्स' वाचली आहे त्यांना ती धमकी कळेल. १९११ मध्ये तेविशीतल्या रोनाल्डने ऑक्सफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजातल्या ग्रिफन क्लबात एक निबंध वाचला. विषय होता शेरलॉक होम्सच्या वाङ्मयाचा अभ्यास, आणि नेम होता बायबलची चिरफाड करणाऱ्या जर्मन पंडितांवर.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत या पंडितांनी जुन्या करारातल्या यशयाच्या ग्रंथात लेखक एक नसून किमान दोन आहेत, असं भाषेवरून आणि काळाच्या खुणांवरून दाखवलं होतं. दुसऱ्याला त्यांनी नाव दिलं 'ड्यूटेरो-यशया'. नॉक्सने तेच हत्यार उचलून 'ड्यूटेरो-वॉटसन' उभा केला. पत्नी आपल्या नवऱ्याला, जॉन वॉटसनला, एका कथेत 'जेम्स' म्हणून हाक मारते. म्हणजे कथा लिहिणारा दुसराच कुणीतरी असला पाहिजे! नॉक्सने साउवॉश, बॅकनेक्के असे विद्वान पदरचे निर्माण केले आणि त्यांची मतं गंभीर चेहऱ्याने मांडून गंभीर चेहऱ्याने खोडली. होम्सच्या कथेचे अकरा भाग पाडून त्यांना ग्रीक नावंही दिली. शेवटी निष्कर्ष असा की सगळ्या कथा वॉटसननेच लिहिल्या. पण होम्स धबधब्यात पडल्यानंतर 'परत' आला त्या पुढच्या कथा घडलेल्या नाहीत, त्या वॉटसनने रचल्या.

थट्टा जर्मन पंडितांची होती. पण तिच्या ओघात नॉक्सने काल्पनिक माणसाच्या चरित्राला धर्मग्रंथाइतकं बारकाईने वाचून दाखवलं, आणि ते वाचन इतकं मजेदार निघालं की मूळ थट्टा मागे पडली. १९१२ मध्ये खुद्द डॉइलने नॉक्सला पत्र लिहून कळवलं की कुणी यावर एवढे कष्ट घेतले याची गंमत आणि आश्चर्य वाटतं. नॉक्स पुढे कॅथलिक पाद्री झाला आणि त्याने अख्ख्या बायबलचा इंग्रजी अनुवाद एकहाती केला. तरी रसिकांच्या लेखी तो होम्सच्या खेळाचा आद्य पुरुषच राहिला.

१९३४ मध्ये न्यूयॉर्कला ख्रिस्तोफर मॉर्ली यांनी 'बेकर स्ट्रीट इरेग्युलर्स' ही मंडळी जमवली. चार कादंबऱ्या आणि छप्पन्न कथा, एवढं त्यांचं प्रमाण वाङ्मय. त्याला ते चक्क 'पवित्र लेखन' म्हणत. डॉइल हा त्यांच्या लेखी वॉटसनचा प्रकाशनाचा एजंट! १९४१ च्या त्यांच्या मेजवानीत रहस्यकथाकार रेक्स स्टाउट यांनी वॉटसन ही मुळात बाई होती, असं सिद्ध करून उपस्थितांची झोप उडवली. आज पात्रांच्या जोड्या लावण्यावरून चाहते शेंडी तुटो की पारंबी तुटो म्हणून भांडतात, तेव्हा त्यांना वाटतं हे आपल्याच पिढीचं वेड.

या खेळातली माझी सगळ्यात आवडती खेळाडू म्हणजे रहस्यकथा लेखिका डोरोथी सेयर्स. 'जेम्स'चा गुंता तिने सोडवला. वॉटसनच्या नावात 'जॉन'नंतर 'एच' येतं. सेयर्स म्हणाली, हे 'एच' म्हणजे हॅमिश. हॅमिश म्हणजे स्कॉटिश भाषेतला जेम्स. बायको लाडाने त्याचं इंग्रजी रूप वापरत होती. पुरावा शून्य, पण एका अक्षरात दोन अडचणी मिटल्या. उत्तम हेडकॅनन असं असतं: मूळ मजकुरातला एकही शब्द न हलवता भोक बुजवतं. हा खेळ लॉर्ड्सवरच्या क्रिकेटइतक्याच गांभीर्याने खेळला पाहिजे, जरा जरी चेष्टेचा सूर लागला की मजा गेली, असा तिचा दंडक होता. बीबीसीच्या अलीकडच्या 'शेरलॉक' मालिकेत वॉटसन आपलं मधलं नाव हॅमिश असल्याचं सांगतो. सेयर्सच्या तर्काला असा राजाश्रय मिळाला.

याच बाईने हीच रीत धर्मपुरुषांना लावली तेव्हा मात्र इंग्लंडात गदारोळ झाला. १९४१-४२ मध्ये बीबीसी रेडिओवर तिची येशूच्या जीवनावरची बारा नाटकांची माला झाली, 'द मॅन बॉर्न टु बी किंग'. शिष्य रोजच्या बोलीत बोलतात म्हणून आधीच निषेध सुरू झाला, प्रश्न पार्लमेंटपर्यंत गेला. सेयर्सची खरी अडचण निराळी होती. यहूदाने गुरूचा घात का केला, याचं पटणारं कारण शुभवर्तमानांतून हाती लागत नाही. तीस नाण्यांसाठी एवढं करणारा माणूस नाटकात उभाच राहत नाही. मग तिने यहूदा बुद्धिमान आणि ध्येयवादी केला, बंडखोरांचा एक कल्पित पुढारी जोडीला आणला आणि येशू आता राजकारणात उतरणार, या गैरसमजातून घात घडवला. वॉटसनचं 'एच' आणि यहूदाचा हेतू, दोन्हीकडे काम एकच: मजकुरात नसलेला दुवा मजकुराला धक्का न लावता शोधणं.

उलटा प्रवास टॉल्किनच्या वाट्याला आला. इथे वाचकाने काल्पनिक पात्रात थेट देवच शोधला. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधला टॉम बॉम्बाडिल कोण, हे कादंबरीत उलगडत नाही. फ्रोडो विचारतो तेव्हा त्याला 'तो आहे' अशा अर्थाचं उत्तर मिळतं. १९५४ मध्ये ऑक्सफर्डच्या एका कॅथलिक पुस्तकदुकानाच्या व्यवस्थापकाने शंका काढली की असं तर फक्त ईश्वराबद्दल म्हणता येतं. टॉल्किनने लांबलचक उत्तर लिहायला घेतलं, त्यात बॉम्बाडिलला इतकं गंभीरपणे घेऊ नये असंही सांगितलं आणि मग पत्र टाकलंच नाही. आपण स्वतःला फारच महत्त्व देतोय असं वाटलं, अशी नोंद त्यावर आहे. लेखकाने निकाल देऊनही वाद मिटला नाही, हे सांगायला नकोच. त्याच कादंबरीतल्या बालरॉग या राक्षसाला पंख होते की नव्हते, यावर तर दोन तट कायमचे पडलेत.

आपल्याकडे या साऱ्याची सुरुवात शोधायला निघालो तर व्यासांपाशीही थांबता येणार नाही. पण नॉक्सने ज्या जर्मन विद्येची टिंगल केली, तिचा एक धागा थेट पुण्यात येतो. विष्णु सीताराम सुकथणकर बर्लिनला ल्यूडर्सच्या हाताखाली शिकले आणि १९२५ पासून भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे प्रमुख संपादक झाले. शेकडो हस्तलिखितं ताडून प्रमाण संहिता ठरवायचं हे काम १९६६ मध्ये पुरं झालं. गणपतीने महाभारत लिहून घेतलं ही कथा त्यात परिशिष्टात गेली. 'आंधळ्याचा मुलगा आंधळा' हे द्रौपदीचं वाक्य संहितेत नाही. ती बायकांसह आपल्याला हसली, एवढीच तक्रार दुर्योधन बापाजवळ करतो. संवाद पुढच्या पिढ्यांनी पुरवला. द्रौपदीच्या मनात कर्ण होता असं सांगणारं 'जांभूळ आख्यान' तर शाहीर विठ्ठल उमपांनी घराघरांत नेलं.

संहिता पक्की होताच तिच्या आत राहून तर्क लढवायची सोय झाली. इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये ती पुरेपूर वापरली. युधिष्ठिर हा विदुराचा मुलगा असावा का, असा प्रश्न त्या उभा करतात. लग्नानंतर कुंतीने पहिल्यांदा बोलावला धर्म. विदुर हा धर्माचाच अवतार. नियोगाला, म्हणजे नवऱ्याऐवजी दुसऱ्याकडून संतती घ्यायला, धाकटा दीर रीतीला धरून. आणि विदुराला पांडवांची आयुष्यभर काळजी. मग हे लपवलं का? कारण दासीपुत्राच्या मुलाचा गादीवरचा हक्क लंगडा पडला असता. वॉटसनच्या जखमेइतक्याच बारकाईने इथे पुरावा गोळा केलाय, आणि शब्दही बाहेरून आणलेला नाही. मराठीत याहून सरस हेडकॅनन मला तरी माहीत नाही. पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळाला.

ज्यांना हा तर्क खोडायचा असेल त्यांनी आश्रमवासिकपर्वापासून सुरुवात करावी. अरण्यात मरणोन्मुख विदुर युधिष्ठिराकडे टक लावून पाहतो आणि योगबलाने त्याच्या शरीरात प्रवेश करतो, तो प्रसंग तिथे आहे. कर्वे यांची बाजू सगळ्यात भक्कम आहे ती तिथेच.