दारफाळणीचा दसरा

परवा कपाट आवरताना २०२५चं कालनिर्णय हाती लागलं. २ ऑक्टोबरच्या चौकोनात बाबांनी पेन्सिलीनं लिहिलंय : "दसरा. गांधी. दारफाळणी." पहिले दोन शब्द कुणालाही कळतील. तिसऱ्यासाठी ही पोस्ट.

आमचं बालपण चरईतलं, म्हणजे टेंभी नाका हाकेच्या अंतरावर. नाक्याचं नवरात्र सगळ्यांना ठाऊक आहे. आनंद दिघे यांनी सुरू केलेला हा उत्सव २००१ साली ते गेल्यावरही तितक्याच दणक्यात चालू आहे. कळव्याहून देवीची मिरवणूक येते, दरवर्षी कुठल्यातरी प्रसिद्ध देवळाचा देखावा उभा राहतो, आणि नऊ दिवस स्टेशनकडून येणारी गर्दी काही आटत नाही. आम्हा मुलांना देवीपेक्षा पाळण्यांची आणि पॉपकॉर्नची ओढ जास्त असायची, हे आता कबूल करायला हरकत नाही!

याच नाक्यावर एक सिनेगॉग आहे. १८७९ सालचं. नाव 'शार हाशामाईम', म्हणजे स्वर्गाचं दार. रोज त्यावरून जाणाऱ्या कित्येक ठाणेकरांनी ते नीट पाहिलेलंही नसतं. माझा एक वर्गमित्र त्या समाजातला, बेने इस्राएल. त्याच्या आजीचं मराठी माझ्या आजीपेक्षा कोकणी वळणाचं होतं आणि बिरड्यांची उसळ कितीतरी चांगली. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आपले पूर्वज या भूमीवर आले, अशी या समाजाची परंपरा सांगते. तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी काम बंद, म्हणून कोकणात त्यांना 'शनवार तेली' म्हणत. सणांची नावंही मराठीच. वर्षारंभाचा 'नव्याचा सण', बिरड्यांचा 'बिरड्याचा सण', आणि योम किप्पुर म्हणजे 'दारफाळणीचा सण'. दारं लावून घ्यायची, पांढरे कपडे, पूर्ण दिवसाचा कडक उपास, पाणीसुद्धा नाही. झाल्या-गेल्या चुकांची माफी मागायची. सूर्य मावळून अंधार पडला की शिंग फुंकतात आणि उपास संपतो.

लहानपणी मला वाटायचं, बिचाऱ्यांचा सगळ्यात शांत दिवस नेमका आमच्या सगळ्यात गोंगाटाच्या दिवसांत येतो, काय हे नशीब! तो योगायोग नाही हे फार उशिरा कळलं.

दोन्ही पंचांगं चंद्रावर चालतात आणि अधिक महिना घालून सूर्याशी जुळवून घेतात. त्यांचा तिश्री महिना अमावास्येनंतर सुरू होतो, आपला आश्विनही तसाच. तिश्रीची पहिली तारीख नव्याचा सण, आपली आश्विन शुद्ध प्रतिपदा म्हणजे घटस्थापना. त्यांची दशमी दारफाळणी, आपली दशमी दसरा! २०२४ साली ३ ऑक्टोबरला घटस्थापना आणि नव्याचा सण एकाच दिवशी आले, आणि १२ ऑक्टोबरला दसरा व योम किप्पुर. २०२५ मध्ये पुन्हा तेच, २ ऑक्टोबरला. पौर्णिमेला त्यांचा मांडवांचा सण आणि आपली कोजागिरी. मात्र अधिक महिना कधी घालायचा याचे नियम वेगळे. त्यांचं १९ वर्षांत ७ असं ठरलेलं गणित, आपलं संक्रांत नसलेला महिना शोधायचं. म्हणून मध्येच दोघांची फारकत होते. २०२३ला आपल्याकडे अधिक श्रावण आला आणि त्यांचा नव्याचा सण गणपतीच्या तोंडावर जाऊन बसला. २०२६च्या पंचांगात अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे पुन्हा तीच गत.

हे कोष्टक मी बाबांना उत्साहानं समजावलं, तर ते म्हणाले, "त्याच्या आजीला हे माहीत होतं. तुला आत्ता कळलं?" असो.

तसा टेंभी नाक्याच्या आसपास आवाज आणि शांतता यांचा संसार जुनाच. ठाण्याचं कारागृह म्हणजे मुळात किल्ला. पोर्तुगीजांनी १७३० साली बांधायला घेतला, १७३७ला मराठ्यांनी जिंकला, १७७४च्या डिसेंबरात इंग्रजांनी घेतला. इथेच पेशव्यांचे त्रिंबकजी डेंगळे कैदेत होते. पहारा गोऱ्या शिपायांचा, कारण देशी पहारेकरी फितूर होतील ही धास्ती. तर असं सांगतात की एका अधिकाऱ्याचा मराठी मोतद्दार खिडकीखाली घोडा खरारा करताना गाणी म्हणायचा आणि त्या गाण्यांतूनच पळायचा बेत आत पोचायचा. पहारेकऱ्यांच्या कानांवर सगळं पडत होतं, कळत काहीच नव्हतं! १८१६च्या सप्टेंबरात त्रिंबकजी निसटले. पुढे याच तुरुंगात १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी दिलं. त्या भिंतीजवळून जाताना लहानपणी बाबा बोलणं थांबवायचे. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

बाबांना आता कमी ऐकू येतं. कानाचं मशीन गर्दीत सगळेच आवाज वाढवतं, म्हणून ते नवरात्रात काढून सरळ खिशात टाकतात आणि आरामात देवी पाहतात. सकाळी मात्र मशीन लावून कचराळी तलावावर फिरायला जातात. "तिथं ऐकण्यासारखं असतं," म्हणतात. बुलबुल, खंड्या आणि निवृत्त मंडळींच्या रक्तदाबाच्या गप्पा, बहुधा याच क्रमानं.

तर २०२५चा दसरा. दर्शन झालं. सोनं वाटून झालं. संध्याकाळी बाबा म्हणाले, सिनेगॉगवरून जाऊ. माझा तो मित्र कुटुंबासह इस्राएलला गेला त्याला तीस वर्षं झाली. जायच्या आधी आमचं भांडण झालं होतं, अगदी फालतू कारणावरून. निरोप द्यायला मी गेलो नाही. बाबा गेले होते. त्याच्या आजीनं त्यांना बिरड्यांचा डबा दिला होता माझ्यासाठी, हेही त्यांनी मला त्याच संध्याकाळी सांगितलं. इतक्या वर्षांनी! डब्याचं काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाले, "मीच खाल्ला. तू रागात होतास ना."

आम्ही थोडे पुढे, रस्त्याच्या कडेला थांबलो. झेंडूच्या पाकळ्या पायाखाली, ढोल, रिक्षांचे भोंगे, कुठंतरी फटाक्यांची माळ. सहा वाजून गेले होते. मग तलावपाळीला जाऊन मासुंद्याच्या काठावर शेंगदाणे घेऊन बसलो. पाण्यावर दिवे उतरायला लागले.

"वाजलं असेल का रे?" बाबांनी विचारलं.

"काय?"

"शिंग."

या गलक्यात एवढ्या लांबून काय ऐकू येणार, मी म्हणालो. त्यांनी खिशातून मशीन काढलं, फुंकर मारली आणि कानात बसवलं.