मुलांनाच विचारले तेव्हा

१९८२ साल सरत असताना नॉर्वेच्या उत्तर भागात १० ते १४ वर्षांच्या तीन मुलांनी आत्महत्या केली. सोबतीच्या मुलांनी मांडलेला छळ हेच कारण असावे, असा निष्कर्ष निघाला. असल्या तक्रारी ‘पोरांच्या खोड्या’ म्हणून तोवर सोडून दिल्या जात. आपल्या घरी तरी याहून वेगळे काय होते, सांगा!

१९८३ मध्ये तेथील सरकारने देशभरच्या शाळांत मोहीम काढली. बर्गेन विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांचा मार्ग साधा होता: मुलांनाच विचारा. छापील प्रश्नावली वाटली. तीवर नाव मात्र लिहायचे नाही. त्यामुळेच मुले बोलती झाली. सुमारे सातांतले एक मूल या छळात गुंतलेले निघाले, कुणी सोसणारे, कुणी करणारे. कित्येकांनी गुरुजींपाशी अवाक्षरही काढले नव्हते.

मग बर्गेनच्या ४२ शाळांतील सुमारे २५०० मुलांची दोन वर्षे पाहणी झाली. मधल्या सुट्टीत शिक्षक पटांगणावर उभे राहू लागले, छळाविरुद्धचे नियम वर्गाच्या बैठकीत मुलांसह ठरू लागले, पालकांशीही बोलणी झाली. पुन्हा तीच प्रश्नावली दिली, तेव्हा छळ जवळजवळ निम्म्याने घटलेला आढळला. हा हिशेबही मुलांनीच दिलेला होता.