खोगीर, जीन आणि घाटवाट : चामडे व कृत्रिम साहित्य यांच्या निवडीचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

बोरघाटाच्या पायथ्याचे खोपोली आणि त्याच्या उत्तरेस कर्जत तालुक्यातील माथेरान या परिसरात घोडा हे दीर्घकाळ वाहतुकीचे प्रमुख साधन राहिले आहे. अशा चढउताराच्या व अतिपावसाच्या प्रदेशात घोड्याच्या पाठीवर चामड्याचे खोगीर असावे की नायलॉन, पॉलिएस्टर यांसारख्या कृत्रिम साहित्याचे, हा प्रश्न वरवर पाहता केवळ खरेदीचा वाटतो. वस्तुतः घोडेवाल्याची रोजी घोड्याच्या पाठीवर अवलंबून असते. पाठ सोलवटली की जनावराचे हाल होतात आणि उत्पन्नही थांबते. शिवाय प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमानुसार जखम असलेल्या, कामास अयोग्य जनावराला कामास लावणे हा गुन्हा आहे. प्रस्तुत निबंधात या निवडीचा ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे.

खोगीर, जीन आणि जीनगर

मराठीत या वस्तूसाठी रूढ असलेले दोन्ही शब्द फारसीतून आले आहेत. ‘खोगीर’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘घाम शोषून घेणारे’ असा आहे. म्हणजे बसणाऱ्याच्या सोयीपेक्षा घोड्याच्या पाठीची गरज या शब्दात आधी नोंदली गेली आहे. जुने देशी खोगीर गादीसारखे असे. आत लोकर, कापूस, चिंध्या यांचे भरण घालीत. ‘खोगीरभरती’ हा वाक्प्रचार त्यातूनच आला. भाषेने या भरणाला निरुपयोगी ठरविले असले, तरी घोड्याच्या दृष्टीने तेच महत्त्वाचे होते. ते उसवता, वाळवता आणि पाठीच्या ठेवणीप्रमाणे कमीजास्त करता येई.

‘जीन’ या शब्दापासून ‘जीनगर’ ही कारागिरांची संज्ञा तयार झाली. मराठ्यांच्या घोडदळाला पागा आणि शिलेदार यांच्यामार्फत घोडे मिळत. त्या घोड्यांच्या साजाची निर्मिती व दुरुस्ती हा जीनगरांचा परंपरागत व्यवसाय होता. १८१८ मध्ये पेशवाईचा अंत झाल्यावर हा आश्रय संपला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत अनेक जीनगर कुटुंबे ओतकाम, कोरीवकाम, चित्रकाम व मूर्तिकाम यांकडे वळलेली दिसतात. दुसरीकडे, इंग्रजी घोडदळाच्या गरजेतून कानपूर हे चामडी खोगिरांचे मोठे केंद्र बनले. खोगीर तयार करणारा हात आणि ते वापरणारा घोडा यांच्यातील अंतर येथून वाढू लागले.

खोपोली ते माथेरान

बोरघाटातील गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला. १८५६ मध्ये रेल्वे खोपोलीपर्यंत आली आणि १८५८ मध्ये खंडाळा-पुणे मार्ग सुरू झाला. मधला घाट मात्र १८६३ पर्यंत रेल्वेविना होता. या काळात मुंबई-पुणे प्रवासी खोपोलीस उतरून पालखी, तट्टू किंवा गाडी यांच्या साहाय्याने घाट ओलांडीत. रेल्वेच्या आगमनाने घोडा लगेच कालबाह्य झाला नाही, उलट काही वर्षे तो रेल्वेचाच दुवा ठरला, असे यावरून दिसून येते.

माथेरानचा इतिहासही असाच आहे. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट यांनी या डोंगराकडे लक्ष वेधले. नेरळहून डोंगरी रेल्वे सुरू होण्यास १९०७ साल उजाडले. पुढे २००३ मध्ये हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित झाला. खासगी मोटारींवरील बंदीमुळे घोड्याचे स्थान टिकून राहिले. २०२२ पासून तेथे प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षा आल्या, तरी घोडा हद्दपार झालेला नाही.

चामडे आणि कृत्रिम साहित्य

चामडे काही प्रमाणात ओलावा शोषते, वापराने आकार घेते आणि शिवण उसवल्यास पुन्हा शिवता येते. मात्र त्याला नियमित साफसफाई व तेलपाणी लागते. सह्याद्रीच्या पावसाळी हवेत त्यावर बुरशी चढते, दोरा कुजतो आणि घाईने आगीजवळ वाळविल्यास ते तडकते. कृत्रिम खोगिरांचा प्रसार १९८० च्या दशकापासून प्रामुख्याने ऑस्ट्रेलियातून झाला. ती वजनाने हलकी, तुलनेने स्वस्त, धुण्यास सोपी आणि लवकर वाळणारी असतात. परंतु त्यांचे वरचे आवरण घाम शोषत नाही, उष्णता कोंडली जाते आणि आतील फोम दबल्यावर गावातील कारागीर ती सहसा दुरुस्त करू शकत नाही.

भाड्याच्या घोड्याची अडचण आणखी वेगळी असते. स्वार दर फेरीला बदलतो, त्याचे वजनही बदलते. उतारावर खोगीर पुढे आणि चढावर मागे सरकते. दुमची व छातीपट्टा योग्य नसेल, अथवा उंच घोड्यासाठी बनविलेले खोगीर रुंद पाठीच्या तट्टूवर चढविले असेल, तर भार थेट कण्यावर येतो. अशा वेळी खोगीर चामड्याचे आहे की कृत्रिम, याने जखमेत फरक पडत नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, साहित्याची निवड हवामान, किंमत आणि दुरुस्तीची सोय या तीन गोष्टींनी ठरत आली आहे. पावसाच्या व रोजच्या वापराच्या कामी कृत्रिम खोगीर व्यवहार्य ठरते. मात्र त्याखाली सुती किंवा लोकरीचा जाड नमदा असणे आणि तो रोज वाळविणे आवश्यक आहे. जेथे कुशल कारागीर व नियमित निगा उपलब्ध आहे, तेथे चामडे अधिक टिकते. घोड्याच्या पाठीला भिडतो तो खालचा थर. जुन्या खोगिराने घामाचा व भरणाचा जो विचार केला होता, तो वरचे आवरण बदलले तरी सोडता येत नाही. त्यामुळे खोगिरे वाटण्याच्या योजनांइतकेच पाठीच्या मापाप्रमाणे खोगीर बसविणाऱ्या व दुरुस्त करणाऱ्या स्थानिक कारागिरांचे प्रशिक्षण महत्त्वाचे आहे. जीनगरांच्या व्यवसायाबरोबर हे कौशल्य विरळ झाले. त्याची उणीव केवळ साहित्य बदलून भरून निघणारी नाही.